चौदाव्या दिवशी आम्ही कोणाकडे जायचं?

नागपुरातले न्यूरोफिजिशियन, न्यूरोसर्जन, कर्करोगतज्ज्ञ आणि एआरटी (एचआयव्हीची औषधे देणाऱ्या) केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी यांना खुले पत्र

डॉक्टरसाहेब, डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ कळमन्याच्या फळबाजारात एका अडत्याकडे दिवाणजी होता. शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याच्या हिशेबाची पट्टी करायची, हे त्याचं काम. अक्षर मोत्यासारखं. दोन वर्षांमागे आंबिया बहाराचा संत्रा बाजारात यायला लागला आणि त्याच सुमारास त्याच्या पट्ट्यांत चुका व्हायला लागल्या. काटोलकडच्या एका शेतकऱ्यानं पट्टी परत आणून दिली, "दिवाणजी, क्रेटांचा रकाना कोराच आहे." मग मागच्या चार-पाच पट्ट्या काढून पाहिल्या. प्रत्येकीत उजवीकडची रक्कम बरोबर, डावीकडचा रकाना कोरा.

घरीही तेच चाललं होतं, फक्त आम्हाला ते कळलं नव्हतं. ताटातली भाजी, पोळी, वरणभात संपायचा आणि डाव्या बाजूची चटणी, लिंबाची फोड, मीठ जागच्या जागी राहायचं. मी विचारलं, "चटणी नाही आवडली का?" तर म्हणाला, "चटणी वाढली कुठं वं बाई?" आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मी ताट फिरवून चटणी त्याच्या उजव्या हाताशी आणली, तेव्हा ती त्याला दिसली. तो हसला, मीही हसले. त्या हसण्याची आठवण आली की आजही पोटात कालवतं.

तुम्हाला एवढ्यावरूनच कळलं असेल. मेंदूच्या उजव्या भागात काही झालं की डोळे शाबूत असूनही माणसाला डावी बाजू नसल्यासारखी होते. हे मला एका निवासी डॉक्टरांनी ओपीडीच्या चिठ्ठीमागे चित्र काढून समजावलं होतं. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. अशी माणसं तुमच्यात आहेत हे मला माहीत आहे, म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, तुमच्याविरुद्ध कुठे लिहीत नाही.

आम्ही दोघंही एचआयव्हीसोबत जगणारी. माझी औषधं २००९ पासून सुरू आहेत, त्याची २०१४ पासून. एआरटी केंद्रावर नव्यानं येणाऱ्यांसोबत मी बसते, त्यांना तपासणीला घेऊन जाते, रडू आलं तर चहा पाजते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. या पत्रातलं वैद्यकीय जे काही आहे ते तुमच्यासारख्यांनीच मला वेळोवेळी समजावून सांगितलेलं आहे.

आधी आमची चूक सांगते. माझ्या भावानं चौदा महिने गोळ्या सोडल्या होत्या. केंद्राच्या रांगेत एकदा बाजारातला ओळखीचा माणूस दिसला, आणि त्यानंतर तो त्या दारात गेलाच नाही. मला मात्र दर महिन्याला "आणल्या" म्हणून सांगायचा. बाजारात तो फिट येऊन पडला तेव्हा त्याचा सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, ३८ होता. दोनशेच्या खाली गेलं की संधिसाधू आजारांचं भय असतं, आणि ३८ म्हणजे घराची सगळी दारं उघडी. ही जबाबदारी आमची होती. ती मी कोणावर ढकलत नाही.

त्याला एका मोठ्या दवाखान्यात भरती केलं. कॉन्ट्रास्ट टाकून एमआरआय झाला. एकच गाठ, चार सेंटीमीटरच्या वर, भोवती कड चमकणारी, आजूबाजूला सूज. पाणी साठतं त्या पोकळीला लागून. डॉक्टर म्हणाले, "एचआयव्ही आहे, टॉक्सो असणार. औषध सुरू करू." टॉक्सो म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा. हा परजीवी अनेकांच्या अंगात आयुष्यभर गुपचूप पडून असतो आणि प्रतिकारशक्ती ढासळली की मेंदूत गाठी करतो. औषधानं तो बरा होतो. म्हणून आधी टॉक्सोचं औषध देऊन पाहायचं, ही पद्धत जगभर आहे आणि ती बरोबर आहे. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पण त्या पद्धतीचा दुसरा भागही आहे, आणि तो तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत आहे. औषध सुरू केल्यावर दहा ते चौदा दिवसांत पेशंट सुधारला पाहिजे, एमआरआयमध्ये गाठ लहान दिसली पाहिजे. तसं झालं नाही तर तो टॉक्सो नाही असं धरून बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा, विचार करायचा. म्हणजे हे औषध नुसता उपचार नाही, ती एक तपासणीसुद्धा आहे, आणि त्या तपासणीचा निकाल चौदाव्या दिवशी लागतो. आमच्याकडे तो निकाल कोणी पाहिलाच नाही.

झालं असं, की मेंदूला सूज होती म्हणून सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं. चौथ्या दिवशी भाऊ उठून बसला. पाचव्या दिवशी त्यानं चटणी मागून खाल्ली. मी सिस्टरांना पेढे दिले. सहाव्या दिवशी सुट्टी झाली. कार्डावर लिहिलं होतं: औषध चालू ठेवणे, एक महिन्यानी ओपीडी. दिवाळी तोंडावर होती. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं तेव्हा तो अगदी पूर्वीसारखा बसला होता पाटावर. पुढे सगळं संपल्यावर एका रात्री मी कॅलेंडर घेऊन दिवस मोजले. चौदावा दिवस भाऊबीजेचा होता. त्या दिवशी कुठलीच ओपीडी उघडी नव्हती, आणि असती तरी आम्ही गेलो नसतो, कारण चौदाव्या दिवसाबद्दल आम्हाला कोणी बोललंच नव्हतं.

स्टेरॉइडबद्दल मला नंतर जे कळलं ते कळून माझी झोप उडाली. मेंदूचा लिम्फोमा नावाचा जो कॅन्सर एचआयव्हीत होतो, तो पांढऱ्या पेशींचाच कॅन्सर, आणि स्टेरॉइड त्या पेशींना मारतं. गाठ तात्पुरती आकसते, पेशंट उठून बसतो, आणि घरच्यांना वाटतं टॉक्सोचं औषध लागू पडलं. डॉक्टरांनाही तसंच वाटू शकतं. स्टेरॉइड थांबलं की गाठ परत येते. आणि स्टेरॉइड चालू असताना बायोप्सी केली तर पॅथॉलॉजीत अनेकदा पेशीच सापडत नाहीत, रिपोर्ट "अनिर्णित" येतो. मेंदूवर दाब वाढून जीव जायची वेळ आली असेल तर स्टेरॉइड द्यावंच लागतं, हे मला मान्य आहे. मग निदान फाइलवर ठळक लिहा की सुधारणा स्टेरॉइडमुळेही असू शकेल. एवढं एक वाक्य आमच्या कार्डावर असतं तर मी पेढे वाटले नसते, तारीख विचारली असती.

पाचव्या आठवड्यात पुन्हा डावा रकाना कोरा राहायला लागला. मग डावा पाय ओढायला लागला. महिन्याची ओपीडी झाली होती, तिथे "औषध पूर्ण होऊ द्या" म्हणाले. मी एआरटी केंद्रावर गेले, तिथले डॉक्टर म्हणाले, गाठीचा निर्णय न्यूरोवाले घेतील. न्यूरोच्या ओपीडीत म्हणाले, हे एचआयव्हीचं आहे, एआरटीवाल्यांना विचारा. दोन्ही ठिकाणी कोणी वाईट बोललं नाही. दोघांनीही मला नीट चिठ्ठ्या दिल्या. एकीवर दुसऱ्याचं नाव, दुसरीवर पहिल्याचं. एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरी घेऊन मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते.

सहाव्या आठवड्यात दुसरा एमआरआय, बाहेर, साडेसहा हजार भरून. गाठ मोठी झालेली आणि मेंदूच्या मधल्या पुलावरून दुसऱ्या बाजूला सरकू लागलेली. परत भरती, परत स्टेरॉइड. आता बायोप्सी करायची ठरली आणि इथून सतरा दिवस गेले. एकदा ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, यादीत नाव शेवटी होतं आणि वेळ संपली. एकदा किट नव्हतं. एकदा मशीन. आणि एकदा एका डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, खरंच प्रेमानं विचारलं, "ताई, करून तरी काय उपयोग?"

त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. आज देते.

एचआयव्हीतल्या मेंदूच्या लिम्फोमाबद्दल ही निराशा जुन्या काळातून आलेली आहे. १९९६ च्या आधी, जेव्हा तीन औषधांची एआरटी नव्हती, तेव्हा असा पेशंट काही आठवडे किंवा दोन-तीन महिने जगायचा आणि त्यात काही करण्यासारखं फारसं नव्हतं. ज्यांनी तेव्हा शिक्षण घेतलं, त्यांच्या मनात ते बसलं असेल तर मी समजू शकते. पण आता एआरटी आहे, भारतात १ एप्रिल २००४ पासून ती सरकारी केंद्रांवर मोफत मिळते, आणि एआरटीसोबत जास्त मात्रेचं मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध दिलेले पेशंट वर्षानुवर्षं जगलेले आहेत. सगळे नाही. पण "काय उपयोग" म्हणण्याइतके थोडेही नाहीत. माझा भाऊ वेळेवर निदान झालं असतं तर वाचला असता, असं मी म्हणत नाही. ते कोणीच सांगू शकत नाही. त्याला ती संधी मिळाली नाही, एवढंच मी म्हणते.

आणि समजा लिम्फोमा नसता, तरी बायोप्सीचा उपयोग होताच. आपल्याकडे मेंदूत टीबीची गाठ किती होते ते तुम्ही रोज पाहता. क्रिप्टोकोकसची बुरशी गाठ करते. सिस्टिसर्कोसिस, म्हणजे फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी, आहे. गाठ नाही, पण एमआरआयवर डाग दिसणारा जेसी विषाणूचा आजार आहे. प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि एआरटी कधी सुरू करायची तेही वेगळं. मेंदूत क्रिप्टोकोकस किंवा टीबीचा मेंदूज्वर असेल तर तुम्ही एआरटी काही आठवडे मुद्दाम लांबवता. लिम्फोमा असेल तर एक दिवसही घालवायचा नसतो, कारण तिथे एआरटी हाच अर्धा इलाज. माझ्या भावाची एआरटी निदान ठरत नाही म्हणून लोंबकळत राहिली. आजाराचं नाव माहीत नसल्यामुळे त्याला एआरटीही धड मिळाली नाही आणि गाठीचं औषधही.

बायोप्सी झाली. पहिली अनिर्णित आली, कारण वर सांगितलंच. स्टेरॉइड थांबवून दुसरी केली. ज्या सर्जननी ती केली त्यांनी रविवारी येऊन केली, आणि ओटीतून बाहेर आल्यावर माझ्याजवळ बाकावर बसून सगळं सांगितलं. लिम्फोमाच होता. गाठीच्या पेशींत एपस्टीन-बार विषाणू सापडला. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरून झोपलेला असतो. एचआयव्हीतल्या या कॅन्सरमध्ये जवळजवळ नेहमी तोच सापडतो. तेव्हा अकरावा आठवडा चालू होता. मेथोट्रेक्सेट झेपेल अशी अवस्था राहिली नव्हती. रेडिएशनचे पाच शेक झाले. सहाव्याला नेण्याआधी तो गेला. संक्रांतीनंतर आठ-दहा दिवसांनी.

आता आमच्या आणखी एका बहिणीची गोष्ट. रक्ताची नाही, केंद्रावरची. तिनं लिहायला परवानगी दिली आहे, नाव सांगणार नाही. शिवणकाम करते. गोळी एकदाही चुकवलेली नाही, सीडीफोर सहाशेच्या वर, रक्तात विषाणू (व्हायरल लोड) वर्षानुवर्षं सापडत नाही. तिचं डोकं दुखायला लागलं, सुईत दोरा ओवता येईना. जिथे गेली तिथे फाइलवर एचआयव्ही वाचून "त्यामुळे होतं असं" म्हणाले. सात महिने पेनकिलर. शेवटी एमआरआय झाला तर निघाला मेनिन्जिओमा. मेंदूच्या आवरणाची गाठ, कॅन्सरची नाही, आणि एचआयव्हीशी तिचा संबंधही नाही. ही गाठ कोणालाही होते. तुमच्या-माझ्या शेजारणीला होते. ऑपरेशन झालं, आज ती पुन्हा ब्लाउज शिवते आहे. पण एका डोळ्याची नजर कमी झाली ती झालीच.

माझ्या भावाच्या बाबतीत आणि हिच्या बाबतीत चूक एकच झाली, असं मला वाटतं. फाइलवर एचआयव्ही लिहिलेलं दिसलं की पुढचा विचार थांबतो. ज्याचा सीडीफोर ३८ आहे त्याच्या मेंदूत काय होऊ शकतं आणि जिचा सहाशे आहे तिच्या मेंदूत काय होऊ शकतं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आम्ही आता म्हातारे होणार आहोत, डॉक्टरसाहेब. औषधांनी आम्हाला तेवढं आयुष्य दिलं आहे. म्हातारपणी इतरांना जे होतं ते सगळं आम्हालाही होणार, आणि ते प्रत्येक वेळी या विषाणूचं नसणार.

ओटीच्या यादीत शेवटी नाव टाकण्याबद्दलही बोलायचं आहे. कारण दिलं जातं की नंतर ओटी नीट धुवावी लागते. खरं तर खबरदारी प्रत्येक पेशंटसाठी सारखीच घ्यायची असते, कारण ज्यांची तपासणी झालेली नाही अशांचं रक्त तुम्हाला कळत नाही. सुई टोचून एचआयव्ही लागण्याचा धोका हजारांत तीन इतका आहे, आणि पेशंट नियमित औषधावर असेल तर त्याहून कितीतरी कमी. टोचलीच तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेता येतं. ही भीती तुमच्या हाताखालच्या मामा-मावशींच्या मनातून तुम्हीच काढू शकता, आम्ही नाही. भावाच्या खाटेच्या पाटीवर लाल पेनानं "रिॲक्टिव्ह", म्हणजे एचआयव्ही असलेला, असं लिहिलेलं होतं. बाजारातली माणसं त्याला भेटायला यायची. मी ती पाटी उलटी करून ठेवायचे, सकाळी परत सुलटी झालेली असायची.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात उपचार नाकारणं, वेगळी वागणूक देणं, संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करणं याला मनाई आहे. वीस किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक आरोग्यसंस्थेत तक्रारी ऐकायला एक अधिकारी नेमायचा आहे. या कायद्याखाली राज्याचा लोकपाल आहे, आणि तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर त्यानं शक्यतो चोवीस तासांत आदेश द्यायचा आहे. मी तेव्हा तक्रार केली नाही. भाऊ खाटेवर असताना कोणती बहीण तक्रार लिहायला बसेल? आजही मला कोणाला शिक्षा व्हावी असं वाटत नाही. तुमच्या दवाखान्यात तो अधिकारी कोण आहे, त्याचं नाव भिंतीवर लावा, इतकंच मागते.

आणि औषधांचं एकमेकांशी न जमणं. हे फार लहान वाटेल, पण यात माणसं जातात. फिट येते म्हणून पेशंटला फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन सुरू होतं. आमच्या रोजच्या गोळीत आता डोल्युटेग्रॅव्हिर असतं आणि ही दोन्ही औषधं त्याचं रक्तातलं प्रमाण खाली आणतात. लेव्हेटिरासेटाम हेही फिटचंच औषध, पण ते आणत नाही. टीबीची औषधं सुरू झाली तर रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. मेथोट्रेक्सेट देताना सेप्ट्रान, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठीची रोजची गोळी, चालू राहिलं तर विषबाधा वाढते, आणि आमच्यातले ज्यांचा सीडीफोर कमी आहे ते सगळे सेप्ट्रानवर असतात. हे फिटवाल्या डॉक्टरांना, टीबीवाल्यांना, कॅन्सरवाल्यांना वेगवेगळं माहीत असतं. पण चिठ्ठी घेऊन फिरणारी मी एकटी असते, आणि मला काय विचारायचं तेच माहीत नसतं. तुम्ही एकमेकांना फोन केलात तर दोन मिनिटांचं काम आहे.

नागपुरात काय नाही? मेडिकल आहे, मेयो आहे, सुपर आहे, मिहानला एम्स आहे, तुकडोजी चौकातलं कॅन्सर हॉस्पिटल आहे. गोंदिया, गडचिरोलीपासून, तिकडे बालाघाट-छिंदवाड्यापासून लोक डोक्यातल्या गाठी घेऊन इथे येतात. सगळं काही दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आहे. ही शहरं-शहरं फिरणारी माणसं इथे येऊन दोन खिडक्यांच्या मध्ये अडकू नयेत, म्हणून मी एक गोष्ट मागायला आले आहे.

एक कार्ड. पोस्टकार्डाएवढं, जाड कागदाचं. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या डोक्यात गाठ दिसली की त्याच दिवशी ते हातात द्यायचं. त्यावर आजाराचं नाव नको, कोणी पाहिलं तरी कळू नये. पहिल्या एमआरआयची तारीख. औषध कधी सुरू केलं. स्टेरॉइड दिलं का, कधी थांबवणार. टॉक्सोची रक्ततपासणी केली का, आणि काय आली. माझ्या भावाची लिहिली होती, रिपोर्ट फाइलला लागलाच नाही. तो निगेटिव्ह आला असता तर पहिल्याच आठवड्यात शंका आली असती. आधीपासून सेप्ट्रान नियमित घेत होता का, कारण घेत असेल तर टॉक्सोची शक्यता आणखी कमी. सीडीफोर किती. फिटचं औषध कोणतं. आणि खाली, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, चौदाव्या दिवसाची तारीख, त्या दिवशी कुठे यायचं आणि कोणत्या डॉक्टरांना भेटायचं त्यांचं नाव. विभागाचं नाव चालणार नाही. माणसाचं नाव पाहिजे. तो दिवस सणाचा असेल तर आदल्या दिवसाची तारीख घाला.

छपाईचा खर्च आम्ही केंद्रावरची माणसं वर्गणी काढून करू. नमुना मी तयार केला आहे, एका एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी तो सुधारून दिला. महिन्यातून एकदा तुम्ही सगळे तासभर एकत्र बसलात आणि त्या महिन्यातली कार्डं समोर ठेवून बोललात, तर फारच उत्तम. पण ते नाही जमलं तरी कार्ड मात्र सुरू करा.

मी हे लिहिते आहे तेव्हा एक मुलगा भरती आहे. वय सव्वीस, एचआयव्ही असल्याचं गेल्या आठवड्यातच कळलं. सीडीफोर ५२, गाठ एकच. टॉक्सोचं औषध सुरू करून आज सहावा दिवस आहे, स्टेरॉइडही चालू आहे, आणि तो आज उठून बसला. त्याची आई पवनीहून आलेली आहे. तिला उद्या-परवा सुट्टी होईल असं सांगितलंय. मी तिच्या चिठ्ठीवर पेनानं तारीख लिहून दिली आहे, पुढच्या आठवड्यातला बुधवार. तिनं विचारलं, "कोणाकडे जाऊ मग?"

तिला कोणाचं नाव सांगू, ते मला कळवा. बुधवारच्या आत.

आपली नम्र,
एका दिवाणजीची बहीण
नागपूर